गोगलगायीची पिल्लं आणि चांगलं पाणी

त्या गोष्टीचा मला आजही राग येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

माशांची टाकी मुलाची. तो नोकरीला लागून बाहेरगावी गेला आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. काचेवर शेवाळ धरायचं, ते खायला म्हणून जठारपेठेतल्या दुकानातून मी एक पिवळी गोगलगाय आणली. बाईसाहेबांनी महिन्याभरात पाण्याच्या वर, झाकणाच्या कडेला गुलाबी अंड्यांचा घोस चिकटवला. पुढे त्यातून मोहरीएवढी पिल्लं पाण्यात पडली. साठेक तरी असतील.

काय नाही केलं मी त्यांच्यासाठी! पालक उकळत्या पाण्यातून काढायचा, खडा बांधून तळाशी सोडायचा आणि उरलेला संध्याकाळी उचलायचा, नाहीतर पाणी नासतं. पाणी ओढणाऱ्या नळीत पिल्लं जाऊ नयेत म्हणून तिला जुना नायलॉनचा मोजा घातला. शंख घट्ट व्हावेत म्हणून शेजारच्या भाभींकडून अंड्यांची टरफलं आणायची, उकळायची, कुटायची. त्यावरून घरात महाभारत. "अंड्याचे टरफलं आपल्या खलबत्त्यात? बाटवतं का घर?" इति आमचे हे. मी वेगळा खलबत्ता आणला आणि कुटत राहिले.

ह्यांना सगळं कळतं. मी बालवाडीत शिकवायचे, ती नोकरी सोडायची हे ह्यांनीच ठरवलं. मुलानं काय शिकायचं, भिंतीला रंग कोणता, तेही ह्यांनीच. मला आपलं जेवताना सांगायचं, सगळं ठरून गेल्यावर. वर पुन्हा, "तुया चांगल्यासाठीच करून राहिलो ना मी!"

अमरावतीला बहिणीच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. एक रात्र मुक्काम भाग होता. निघण्याआधी मी ह्यांना टाकीपुढे उभं केलं.

"हे पाहा, नळाचं पाणी सरळ टाकू नोका, त्यात औषध असते. ही निळी बादली कालपासून भरून ठेवली हाये. पाणी कमी झालं तर यातलंच टाका. आन तुमचं ते तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर बिलकुल नोको. त्यानं हे मरतात, दुकानवाल्यानं सांगतलं हाये."

"समजलं वं. मी काय लहान पोट्टा हावो का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. बॅग दारातच टाकून टाकीकडे गेले. एरवी या वेळेला पिल्लं काचेवर चढलेली असायची. आज काच साफ रिकामी. सगळी तळाशी, उलटीपालटी. मासे फिरत होते, मोठी गोगलगाय तेवढी कशीबशी हलत होती. काडीनं हलवलं तरी एकाच्याही शंखाचं झाकण मिटेना. मोरीत निळी बादली मी ठेवली तशीच काठोकाठ होती, आणि ओट्यावरचं तांब्याचं भांडं पालथं.

"काहून टाकलं ते पाणी?" मी अशी ओरडले की भाभी खिडकीत आल्या.

"अवं, बादलीतलं शिळं होतं. हे चांगलं हाये. मी रोज पेतो तेच देल्लं त्याईले."

"मी सांगतलं होतं ना तुमाले!"

"चांगल्या पाण्यानं कोणी मरते का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "एकतीस वर्षं तुमचं चांगलंच पेऊन राहिली मी! ज्याले पाहिजे त्याले एकदा तरी विचाराव का नाई?"

मी टाकीतलं निम्मं पाणी उपसलं, बादलीतलं घातलं, तळाची पिल्लं चहाच्या गाळणीनं एकेक उचलली आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. रडले मात्र नाही. ह्यांच्यासमोर तर नाहीच. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. ह्यांनी चिवडा खाल्ला.

सकाळी पाहते तर काचेवर सात पिल्लं होती, नळीच्या मोज्याच्या घडीत दडून वाचलेली. साठातली सात. मी पालक उकळायला घेतला. मागे पावलं वाजली. हे एक पान हातात धरून उभे होते, काचेकडे बघत.

"हे टाकू का?" त्यांनी विचारलं.

एकतीस वर्षांच्या संसारात काही करण्याआधी या माणसानं मला पहिल्यांदा विचारलं. तेवढ्यासाठी पन्नासावर जीव जावे लागले.

मी ते पान त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, "नोको."