नाव लिहा, म्हणणारे सर

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच मी, आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचं आयुष्य छापण्यात गेलेलं. तेव्हा हे धाडस माफ करा. पण राग अजून गेलेला नाही.

सर अमेरिकन. एका लहान गावात त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं. पुढे ते तिकडच्या संसदेत, काँग्रेसमध्ये निवडून गेले आणि दोन वर्षांनी पडले. "माझ्या मतदारांनी मला फार लवकर ओळखलं," असं हसत सांगायचे. मग २००५च्या सुमारास कतारमध्ये दोह्याला, आमच्या कॉलेजात, बातमी लिहायला शिकवायला आले. त्यांचा नियम एकच: सांगणाऱ्याचं नाव नसेल तर ती बातमी नाही, कुजबुज.

पप्पा रास लफानच्या गॅस कारखान्यात फिटर होते. आम्ही राहायचो त्या अल खोर गावाहून त्यांना नेणाऱ्या कंपनीच्या बसचा एसी महिनाभर बंद होता. सप्टेंबरच्या उकाड्यात एक माणूस सीटवरच बेशुद्ध पडला. पप्पांनी हे जेवताना सांगितलं, मी कॉलेजच्या अंकासाठी लिहून काढलं. नाव घातलं नाही. सरांनी कागद परत केला.

"हे कोण म्हणतं?"

"माझे वडील, सर. पण त्यांचा व्हिसा कंपनीच्या हातात आहे."

"खरं बोलणाऱ्याला नाव लपवावं लागत नाही."

एवढा मोठा माणूस सांगतोय म्हणून मी नाव लिहिलं. पप्पांना विचारलंही नाही. ती चूक माझीच, कुणावर ढकलत नाही.

अंक कंपनीच्या ऑफिसात पोचला. दहा दिवसांत पप्पांचा व्हिसा खलास. बॅग भरताना ते एवढंच म्हणाले, "पोरा, मी तुझ्याशी बोललो होतो रे, पेपरशी नाही." मम्मीही त्यांच्याबरोबर वसईला गेली. मी हॉस्टेलवर राहिलो.

सर म्हणाले, "वडिलांचा अभिमान बाळग."

अभिमान! पन्नाशी उलटलेले पप्पा वसईत दारोदार पाण्याचे पंप दुरुस्त करत फिरत होते. मी सरांना उलट बोललो नाही. याचाही राग येतो.

काही वर्षांनी अमेरिकेत गेलेल्या एका वर्गमित्राने ईमेलवर कात्रण पाठवलं. सर वारले होते. त्यांच्याच वर्तमानपत्राने अभिमानाने लिहिलं होतं: खासदार असताना त्यांनी गावातल्या कारखान्यातल्या अपघाताची बातमी छापली, पण ती सांगणाऱ्या कामगाराचं नाव कुणालाही कळू दिलं नाही. मालक चिडले, सर निवडणूक हरले.

त्या कामगाराची नोकरी मात्र शेवटपर्यंत टिकली.