गोल्फच्या सात काठ्या

तापलेलं लोखंड पाण्यात बुडवल्याचा वास आला, की रिसोडचं आमचं घर आठवतं. मागच्या पडवीत नवऱ्याची भट्टी होती आणि भाता मी ओढायचे. एका पेन्शनर साहेबांनी गोल्फ खेळायची लोखंडी काठी नमुन्याला दिली आणि तशा सात मागितल्या. प्रत्येकीचं पातं आधीच्यापेक्षा थोडं जास्त कललेलं. "फाळ सोडून लोहार खेळणी करून राह्यला," गाव हसलं. हे मात्र महिनाभर पाती घासत, तराजूत तोलत बसले. शेवटी साहेबांनी पडीक वावरात गावासमोर चेंडू मारला. तो निंबाच्याही वर गेला आणि दिसेनासा झाला. कुणी हसलं नाही. "हे म्या घडवलं वं?" यांनी हळूच विचारलं. "दोघायनं," मी म्हटलं. आता नव्वदी आली, पण इतकी मान वर करून मी पुन्हा कशाकडे पाहिलं नाही.