गरुडांची शिफ्ट

निवृत्त झालेला माणूस पहिल्या महिन्यात घरातले नळ दुरुस्त करतो आणि दुसऱ्या महिन्यात घरच्यांचं डोकं खातो. निगडीच्या मारुतराव सुरवशांनी पहिल्याच महिन्यात दोन्ही उरकलं होतं. चाकणला गिअर बनवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी तपासणी खात्यात काढली. माप घ्यायचं आणि माल पास की रिजेक्ट ते सांगायचं, एवढंच काम. ही सवय काही गेटवर जमा करून येता येत नाही. त्यामुळे सोसायटीची लिफ्ट, भाजीवाल्याची गवार आणि बायकोच्या पोळ्या, सगळं रोज त्यांच्या नजरेखालून जायचं.

बायको म्हणजे जयमालाबाई. त्या भोसरीत गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात होत्या. यंदाच्या जानेवारीत त्याही घरी बसल्या, आणि एक अजब गोष्ट उघडकीला आली. चौतीस वर्षांच्या संसारात ही दोघं दिवसाउजेडी एका घरात फारशी राहिलीच नव्हती.

त्याचं असं झालं, की धाराशिवकडून आलेलं हे जोडपं. इथं ना सासू, ना मावशी. दिव्या झाली तेव्हा तिला सांभाळणार कोण? मारुतरावांनी साहेबाला गळ घालून कायमची पहिली शिफ्ट मागून घेतली आणि जयमालाबाईंनी कायमची दुसरी. दुपारी पावणेतीनला मारुतरावांची बस निगडीच्या स्टँडवर यायची, तेव्हा जयमालाबाईंची बस समोर निघायच्या बेतात असायची. त्या पोरीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायच्या. "दूध तापवलंय, पोरगी जेवलीय, चावी घ्या." तेवढ्यात ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवायचा आणि त्या पळायच्या. सुट्टीसुद्धा जुळायची नाही. ह्यांची रविवारी, बाईंची गुरुवारी. असं तब्बल बारा वर्षं चाललं, आणि पोरगी मोठी झाल्यावरही शिफ्ट त्याच राहिल्या.

त्यातच दिव्याची सँडल. नेमकं त्याच दोन मिनिटांत तिच्या सँडलचं बक्कल सुटायचं. आठवड्यातून तीन-चार वेळा तरी. तिकडे हॉर्न वाजतोय आणि इकडे पोरगी एक पाय वर धरून उभी. मग दोघंही खाली वाकायची. एकानं पट्टा धरायचा, दुसऱ्यानं बक्कल लावायचं. मारुतरावांचं डोकं फिरायचं. त्यांच्या दृष्टीनं तो सरळसरळ मालातला दोष होता. त्यांनी दुकानं बदलली, स्टँडवरच्या चप्पलवाल्याकडून बक्कल बदलून घेतलं, एकदा तर कंपनीतलं माप घ्यायचं यंत्र आणून पट्ट्याच्या भोकांतलं अंतर तपासलं. माप अगदी बरोबर होतं. तरी सँडल रिजेक्ट. दोन वर्षांत सात जोड त्यांनी बाद केले.

तर अशी ही दोन मिनिटांत बोलून मोकळी होणारी माणसं. आता दिवसभर समोरासमोर बसून बोलणार काय?

"गॅस बंद केलाय."

"बरं."

"चावी खिळ्याला हाय."

"बरं."

संपला संवाद. आणि दोघंही घरातच. चावी कुणाला हवी होती देव जाणे.

फेब्रुवारीत एका रविवारी दिव्या आली. ती हिंजवडीत नोकरीला, नवरा सुजितही तिथेच, आणि तिला सातवा महिना. बापाचा त्रागा बघून तिनं टीव्हीवर एक गंमत लावून दिली. अमेरिकेतलं कुठलंसं उंच झाड, त्यावर काटक्यांचं पलंगाएवढं घरटं, आणि घरट्यावर रोखलेला कॅमेरा. जे तिथं घडेल ते त्याच क्षणी निगडीत दिसणार. घरट्यात दोन अंडी आणि त्यांवर पांढऱ्या डोक्याचा एक गरुड.

"ह्याला इंग्रजीत टकला गरुड म्हणतात," सुजितनं माहिती पुरवली.

"टक्कल कुठं हाय? चांगली भरगच्च पिसं हायेत," मारुतराव म्हणाले. "नाव ठेवणाऱ्यानं माल तपासलेला न्हाई."

पण टीव्ही बंद करा असं काही ते म्हणाले नाहीत. अर्धा तास गरुड बसला होता तसाच बसला. मग बाहेरून दुसरा आला. बसलेला उठेना. आलेल्यानं चोचीनं त्याला हळूच ढोसलं, तेव्हा कुठे तो उठला आणि उडून गेला. नवा अंड्यांवर बसला, डावी-उजवीकडे अंग घुसळून त्यानं जागा बरोबर करून घेतली. मारुतराव खुर्चीवरून ताडकन उठले.

"अगं, हा तर रिलीव्हर!"

कारखान्यात ज्यानं काम केलंय त्याला हे सांगायला नको. तुझ्या जागी येणारा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. हा नियम पक्ष्यांना कुणी शिकवला, या प्रश्नानं मारुतरावांना पछाडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली. कोण बसलं (मोठी ती मादी, लहान तो नर), कोण उठलं, किती वाजता, बदलीला किती वेळ लागला. शेरा: 'जुना उठत नाही. सुपरवायझर हवा.'

वहीमागे आणखी एक कारण होतं, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्याच रविवारी दिव्या गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, आणि मारुतराव दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गेले होते. "मला ना, आई-बाबा एकत्र बसलेले आठवतच नाहीत," ती म्हणत होती. "माझ्या बाळाचं तसं नको व्हायला. मी नोकरी सोडायचा विचार करतेय." मारुतराव कपडे न काढताच परत आले. ते वाक्य त्यांच्या पार जिव्हारी लागलं होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून खराब माल पुढे गेला नाही, आणि घरात मात्र आपण काहीतरी अर्धवटच करून ठेवलं की काय? शिफ्टमध्ये वाढवलेल्या पिल्लाला काय कमी पडतं? विचारायचं कुणाला? पोरीला विचारायचं धाडस नव्हतं. मग ते गरुडांकडेच बघत राहिले.

सकाळी इकडे चहा व्हायचा तेव्हा तिकडे रात्र असायची आणि पडद्यावर राखाडी चित्र. ती शिफ्ट जयमालाबाईंनी आपणहून घेतली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिकडे उजाडायचं, मग मारुतराव हजर. पण हळूहळू दोघंही एकाच वेळी बसायला लागली, कारण जयमालाबाईंना जे दिसायचं ते ह्यांच्या वहीत नसायचं.

"पाय बघा की तिचे. नखं मिटून, मूठ वळून चालायलीय. अंड्याला लागू नये म्हणून."

मारुतरावांनी डोळे बारीक केले. खरंच की. तीन आठवडे बघत होते, आणि हे त्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

"आणि जास्त वेळ कोण बसायलंय ते लिहिलं का?"

त्यांनी पानं उलटून हिशेब केला. "मादी."

"हे कळायला वही कशाला पाहिजे होती?" असं म्हणून जयमालाबाई मटार सोलायला लागल्या.

मारुतरावांचा कंपनीतला जोडीदार सोनबा चऱ्होलीहून चहाला आला, त्यालाही समोर बसवलं गेलं. "आमच्या नदीकडं घारी काय कमी हायेत व्हय? फुकट दिसत्यात," तो म्हणाला. पण तासाभरानं निघताना दारात थबकला. "बाप्या बी अंड्यावर बसतो म्हणायचा. न्हाई, आमी कदी बसलो न्हाई असं." आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन यायला लागला, 'कोण हाय बसलेलं?' म्हणून.

पस्तीस दिवसांनी अंडं फुटतं, असं त्या कॅमेऱ्याखाली लिहिलं होतं. पस्तिसावा दिवस मार्चमधल्या एका रविवारी आला. दिव्या आणि सुजित आलेलेच होते. आठवा महिना, पाय सुजलेले. दिव्या सोफ्यावर उशीला टेकून बसली होती. पाच वाजता मादी अस्वस्थ झाली, सारखी खाली वाकून बघायला लागली. ती जरा उठली तेव्हा अंड्याला भेग दिसली, आणि भेगेत काहीतरी हललं.

"शेरा लिहा," जयमालाबाई म्हणाल्या. पण मारुतरावांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

तेवढ्यात नर आला. बदलीची वेळ होती. त्यानं ढोसलं, पण मादी हलली नाही. तोही गेला नाही. दोन्ही पांढरी डोकी अंड्यावर वाकली आणि तशीच राहिली. इतक्या दिवसांत ती दोघं इतका वेळ एकत्र कधी थांबली नव्हती.

मारुतरावांच्या तोंडून निघून गेलं. "दिव्या, तुला आम्ही एकत्र बसलेले आठवत न्हाई म्हणं."

सुजित मोबाइलमध्ये बघायला लागला. जयमालाबाईंनी एकदा नवऱ्याकडे आणि एकदा मुलीकडे पाहिलं.

"ऐकलं होतं का तुम्ही?" दिव्या म्हणाली.

"म्हणून विचारायलोय. तुला कमी पडलं का काही आमच्याकडून?"

दिव्या पडद्याकडेच बघत होती. मग तिला हसू आलं. "बसलेले नाही आठवत, बाबा. ते खरंच आहे. तुम्ही स्टँडवर वाकलेले आठवता."

"स्टँडवर?"

"माझी सँडल."

"ती होतीच खराब. सात जोड बाद केले मी!"

"खराब नव्हती. बस वळताना दिसली की मी दुसऱ्या पायानं बक्कल काढून ठेवायचे. मग तुम्ही दोघं खाली यायचात. माझ्यासमोर दोन्ही डोकी एकदम. मी मोजायचे. एकदा तर वीसपर्यंत मोजलं होतं." तिनं डोळे पुसले. "तो ड्रायव्हर मला मुळीच आवडायचा नाही."

मारुतरावांच्या डोळ्यांसमोर ते सात जोड रांगेनं उभे राहिले. मापात बसणारे, निर्दोष, आणि सातही त्यांनी स्वतःच्या हातानं बाद केलेले. त्यांना रडू यायला लागलं, आणि ते लपवायला त्यांनी वही उघडली, पण अक्षर लागेना.

पिल्लाला बाहेर यायला अजून वेळ होता. सात वाजता सुजित गाडी काढायला खाली गेला, नाहीतर वाकडच्या चौकात तासभर अडकावं लागलं असतं. जयमालाबाईंनी मेथीच्या पुऱ्यांचा डबा बांधून दिला. दिव्या भिंतीला धरून दारात उभी राहिली. पोटामुळे तिला आपले पाय दिसत नव्हते.

चप्पल साधी होती, बिनपट्ट्याची. नुसती पायात सरकवायची. त्याला एक माणूस पुरे होता. तरी डबा खाली ठेवून जयमालाबाई वाकल्या, त्याच वेळी मारुतरावही वाकले, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"अहो, बघून वाका की!"

"तू सरक की जरा तिकडं!"

दोघंही सरकली नाहीत. वरून दिव्याचा हलका आवाज येत होता, "सात, आठ, नऊ..."

खाली सुजितनं दोनदा हॉर्न वाजवला. कुणीही उठलं नाही.