सीटखालची वायर

एवेलिओ बार्रांतेसने सत्तावीस वर्षं लाल टॅक्सी चालवली. त्या सत्तावीस वर्षांत इंजिन दोनदा उघडलं, क्लच चारदा बदलला, बाकी सगळं पाना, पक्कड आणि शिव्यांवर भागवलं. देसाम्पारादोसच्या चर्चसमोरच्या स्टँडवर तो उभा असला की बाया लांबूनच ओरडायच्या, "एवेलिओ, मोकळा आहेस का रे?" आणि हा म्हणायचा, "तुमच्यासाठी जन्मभर मोकळा, बाई. भाडं मात्र मीटरप्रमाणे." असा सुखाचा माणूस. त्याला कुणी सांगितलं होतं नसता उद्योग करायला?

पण फोनवरून बोलावायच्या गाड्या आल्या आणि स्टँडवर माशा मारायची वेळ आली. अशात त्याने कुणाच्या तरी आवारात ती गाडी बघितली. पांढरीशुभ्र, लांबलचक, विजेवर चालणारी. दारांना मूठच नाही. जवळ गेलं की दारातून मूठ आपली आपण बाहेर येते, जशी काही नमस्कार करते. कंपनीचं नाव मी घेत नाही, माझ्यामागे वकील लागायला नकोत. अशी गाडी असली की हॉटेलवाले विमानतळाची गिऱ्हाइकं देतात आणि भाडं तिप्पट. शिवाय आमच्याकडे नंबरपाटीच्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यातला एक दिवस गाडीला शहरात बंदी असते. विजेच्या गाडीला ती नाही. एवेलिओने टॅक्सीचा परवाना विकला, त्याच्या बायकोने, निदियाने, शिवणकामातून वीस वर्षं साठवलेले पैसे त्यात घातले, आणि आमच्या चलनात एक कोटी चाळीस लाख कोलोन मोजून गाडी घरी आणली.

ती फ्लोरिडातल्या वादळात बुडालेली गाडी होती. तिकडच्या विमावाल्यांनी तिला मेलेली ठरवलं, इकडच्या एकाने बोटीवर घालून आणली, धुतली, पुसली, आत अत्तर मारलं. कागदावर हे सगळं लिहिलेलं होतं. एवेलिओने कागद बघितला आणि मुठीकडे बघून सही केली.

तिसऱ्या आठवड्यात मधला मोठा पडदा काळा झाला. त्या पडद्यावरच गाडीचं सगळं, अगदी थंड हवेचा वारासुद्धा. नवीन पडदा नऊ लाख. मग एका सकाळी गाडी पुढून गुडघे टेकून बसली. हवेवर चालणारे स्प्रिंग गेले होते, एकेक सहा लाख. मग दारांच्या मुठी बाहेर येईनाशा झाल्या, किंवा आल्या की आत जाईनाशा झाल्या. कंपनीच्या दुकानातल्या इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाने नंबर तपासला आणि फार गोड आवाजात सांगितलं, "काका, ही गाडी आमच्या हिशेबी अस्तित्वातच नाही. हिला आम्ही हात लावू शकत नाही." गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीबद्दल विचारलं तर म्हणाला, बाहेरून आणली तर कोटीच्या आसपास.

हात लावला तो उलातेने. उलाते मूळचा फ्रीज दुरुस्त करणारा, पण घाबरत नाही कशालाच. त्याने पडदा कुठल्या तरी दुसऱ्या बुडालेल्या गाडीतून काढून बसवला, स्प्रिंगच्या जागी साधे लोखंडी घातले. खरी पंचाईत निराळीच होती. मोठ्या बॅटरीशिवाय गाडीत एक छोटी बॅटरी असते. ती अधूनमधून, काही न सांगता, मान टाकायची. ती गेली की दारं, काचा, हॉर्न सगळं मुकं. पुढच्या दारांना आतून हाताने उघडायची जी सोय असते ती गाडी पुन्हा जोडताना कुणी बसवलीच नव्हती. एवेलिओ दोनदा आत अडकला, एकदा तर चर्चसमोर, अख्ख्या स्टँडच्या देखत. शेवटी उलातेने मोटरसायकलची क्लचची वायर घेतली, मागच्या डाव्या दाराच्या कडीला बांधली आणि मागच्या सीटच्या सतरंजीखालून फिरवून तिचं टोक पुढच्या दोन सीटांच्या मधे लपवलं.

"हे ओढायचं. ओढलं की दार उघडतं," उलाते म्हणाला. "आणि लोकांना दाखवत बसू नकोस, माझी अब्रू जाईल."

त्यानंतर एवेलिओने ती वायर अकरा वेळा ओढली. न बघता सापडायची.

गिऱ्हाईक तर गेलंच. हॉटेलच्या मॅनेजरने वायर बसवायच्या आधीच, एक जर्मन जोडपं पंचवीस मिनिटं आत अडकल्यावर, त्याचा नंबरच काढून टाकला होता. टॅक्सीचा परवाना विकलेला, वय अठ्ठावन्न, अंगणात पांढरी गाडी. सकाळी उठून तो अंगणात जायचा आणि कॉफीचा पेला हातात घेऊन तिच्याकडे बघत राहायचा. निदिया आता रागावतसुद्धा नव्हती, फक्त म्हणायची, "विक रे बाबा ती. कुणाच्या तरी गळ्यात घाल आणि मोकळा हो." कुणाच्या गळ्यात, हा प्रश्न तिलाही पडत नव्हता आणि यालाही.

आणि गळा चालत आला तो मेलिको उमान्याचा.

मेलिको म्हणजे एवेलिओच्या पोरीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला पोरीला हातावर घेऊन उभा राहिलेला माणूस. असेर्रीच्या बसवर तीस वर्षं ड्रायव्हर होता, नुकताच निवृत्त झालेला. हातात एकरकमी पैसे आलेले आणि घरात बायको हानियासमोर बसून जीव उबगलेला. "मला ऐंशी लाखाला दे," तो म्हणाला. "तुला हॉटेलवाल्यांशी गोड बोलता येत नाही रे. तुझं तोंड टॅक्सीवाल्याचं. मी बघ कसा धंदा करतो."

"गाडी नाजूक आहे," एवेलिओ म्हणाला. एवढंच म्हणाला. त्याने मनात ठरवलं की आपण सांगितलंय.

फेब्रुवारीतल्या मंगळवारी, भर अकरा वाजता, दोघे असेर्रीच्या चढाला गाडी घेऊन गेले. मेलिकोने चालवली, एवेलिओ त्याच्या उजवीकडे बसला. "अरे आवाजच नाही हिला! माझी बस असती तर अख्ख्या डोंगराला कळलं असतं उमान्या आला म्हणून." खुशीत होता. वर एका वळणावर, दरी दिसते तिथे, त्याने गाडी बाजूला घेतली, आणि म्हणाला, "उद्या बँकेत जाऊ. हात मिळव."

एवेलिओने हात पुढे केला आणि गाडी विझली.

आधी पडदा गेला, मग वारा. मेलिकोने दाराचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काचेचं दाबलं. "हे काय रे?"

"होतं कधीकधी," एवेलिओच्या तोंडात आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "काय झालं कुणास ठाऊक."

वायरचं टोक त्याच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. ओढली की दार उघडणार. आणि मेलिको, जो तीस वर्षं गाड्यांतच जगला, तो सीटखालून निघालेली क्लचची वायर बघून दोन सेकंदांत सगळं ओळखणार. एवेलिओने हात मांडीवर ठेवला. येईलच कुणीतरी, त्याने स्वतःला समजावलं. कधीकधी ही बॅटरी पाच मिनिटांनी आपोआप जागी होते. होते ना? एकदा झाली होती.

"उलातेला लाव फोन," मेलिको म्हणाला.

उलातेचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नाही. तो पहिल्याच वाक्याला ओरडणार, वायर ओढ गाढवा. "लागत नाही," एवेलिओ म्हणाला. त्याने नंबर दाबलाच नव्हता.

मग मेलिकोने स्वतः मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडे एक पोरगी. पत्ता विचारला. आमच्याकडे घराला नंबर नाही आणि रस्त्याला नाव नाही. सगळे पत्ते खुणेवरून. आणि खूण नाहीशी झाली तरी पत्ता बदलत नाही.

"ला ग्लोरिया दुकानापासून दोनशे मीटर वर," मेलिकोने ठणकावून सांगितलं, "वळणावर. पांढरी गाडी."

"कुठलं ला ग्लोरिया, काका?"

"अगं, ला ग्लोरिया! थांबा आहे तो. अख्ख्या असेर्रीला माहीत आहे."

अख्ख्या असेर्रीला माहीत होतंच. ते किराणा दुकान एकोणीस वर्षांपूर्वी जळालं आणि तिथे आता टायरवाला बसतो, पण मेलिकोच्या बसमध्ये लोक शेवटपर्यंत "ला ग्लोरियाला थांबव" असंच म्हणाले. त्या पोरीच्या यादीत एकच ला ग्लोरिया होतं, सान राफाएलचं, आठ किलोमीटर लांब. अग्निशमनवाले तिकडे निघाले.

वीस मिनिटं झाली. ऊन सरळ छतावर, आणि छत पूर्ण काचेचं. मोठ्या हौसेने दाखवलं होतं एवेलिओने ते छत. मेलिकोने बूट काढून काचेवर हाणला. "अरे हळू!" एवेलिओ दचकून म्हणाला, "साडेचार लाखाची काच आहे!" आणि म्हटल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली. काच दुहेरी, बुटाला दाद देईना. त्यानंतर दोन मोटारी आणि एक दूधवाला गेले. दूधवाल्याने यांचे हातवारे बघून हसून हात केला.

मेलिकोचा शर्ट भिजून अंगाला चिकटला. त्याला रक्तदाब होता, गोळ्या घरी. तो आता बडबडत नव्हता, आणि मेलिकोने गप्प बसणं हे एवेलिओने चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"फोन कर ना परत," एवेलिओ म्हणाला.

मेलिकोने केला. पोरगी म्हणाली, बंब ला ग्लोरियाला पोचला आहे, तुम्ही दिसत नाही. मेलिकोने फोन ठेवला आणि डोकं सीटला टेकलं.

"ऐक," तो म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

"काय?"

"तोंड बघ कसं झालंय तुझं. यंत्र आहे, बंद पडतं. माझी बस किती वेळा पडली, लोकांनी मला थोडंच धरलं? तुझी काही चूक नाही. मीच म्हणालो चल वर जाऊ." तो दम घेत होता. "समजा मला काही झालंच, तर हानियाला सांग, हट्ट माझा होता. ती तुझ्या अंगावर धावून येईल, तिला ओळखतोस तू. तिला सांग, एवेलिओची चूक नाही."

आता ओढ, एवेलिओ स्वतःला म्हणत होता, आता ओढ ना भडव्या. आणि हात हलत नव्हता. कारण आता ओढली तर प्रश्न गाडीचा राहत नव्हता. आता मेलिको विचारणार, मग इतका वेळ? जितका वेळ जास्त तितकं ओढणं अवघड, आणि जितकं अवघड तितका वेळ जास्त. त्याला ऐंशी लाख आठवेनात, निदिया आठवेना. फक्त ते वीतभर अंतर दिसत होतं.

"पोरीच्या लग्नात मी तिला हाताला धरून नेणार होतो," मेलिको म्हणाला, "तू म्हणाला होतास." आणि त्याचं बोलणं अडखळायला लागलं. ओठ पांढरे पडले होते.

एवेलिओने न बघता हात मागे घातला, वायर सापडली, ओढली. मागचं डावं दार खटकन उघडलं. वारा आत आला.

त्याने मेलिकोला दोन सीटांच्या फटीतून ओढत मागे नेलं आणि रस्त्याकडेच्या गवतावर आणलं. टायरवाल्याकडून पाणी आणलं, डोक्यावर ओतलं, छातीची बटणं सोडली. दहा मिनिटांनी मेलिकोच्या गालांवर रंग आला. मग त्याने मान वळवून उघड्या दाराकडे बघितलं. ओढाओढीत सतरंजीखालून निघालेली वायर दारातून लोंबत होती. चांगली वापरून गुळगुळीत झालेली वायर.

"क्लचची आहे," मेलिको म्हणाला.

"हो."

"कोणी बसवली, उलातेने?"

"हो."

मेलिकोने घड्याळात बघितलं. तो शिव्या देईल म्हणून एवेलिओ वाट बघत होता. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाऊण तास, एवेलिओ," तो म्हणाला. "आणि मी तुझी समजूत घालत होतो."

खालून असेर्रीची बस चढत आली. मेलिको उठला, रस्त्याकडेच्या कठड्याला हात लावत उभा राहिला आणि हात दाखवला. ड्रायव्हरने ओळखून मोठ्याने हॉर्न वाजवला. "घरी सोडतो तुला," एवेलिओ म्हणाला, आणि कशात सोडणार हे त्याचं त्यालाच कळेना. मेलिकोने ऐकलं असावं. तो बसमध्ये चढला, पुढच्या सीटवर बसला आणि समोर बघत राहिला.

एवेलिओ गवतावरच होता तेव्हा त्याचा फोन वाजला. कार्तागोचा कुणी माणूस. निदियाने वाण्याच्या दुकानात लावलेली गाडी विकण्याची चिठ्ठी वाचली होती. आवाजावरून सज्जन वाटत होता.

"गाडी कशी आहे हो? काही कटकट नाही ना?"

"आहे," एवेलिओ म्हणाला. "वादळात बुडालेली आहे. छोटी बॅटरी मधेच जाते आणि दारं उघडत नाहीत. एक उघडतं, वायरने. मोठी बॅटरी कधी जाईल सांगता येत नाही, कोटीभर लागतील. तुम्ही घेऊ नका."

"बरं झालं सांगितलंत," माणूस म्हणाला, आभार मानून त्याने फोन ठेवला.

एका परक्या माणसाला सगळं सांगायला त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. बस तोवर वळणाआड गेली होती. एवेलिओ उठला, उलातेला फोन लावणार होता, पण आधी सवयीने आत जाऊन वायर पुन्हा सतरंजीखाली सारायला लागला. मग थांबला आणि तिथेच, दारात पाय बाहेर सोडून, रडत बसला.