खाली मकान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोनं दोनदा विचारलं — सिनेमाचा विषय निघाला की तुम्ही उठून का जाता? मी म्हणालो, पाणी प्यायला. दोन्ही वेळा तांब्या माझ्या शेजारीच होता. ती शहाणी आहे, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही — निघायला लागलं की मी त्याची गंमत करून टाकतो, समोरचा हसतो, आणि विषय संपतो. आज गंमत करायची नाही असं ठरवून बसलोय. बघू कितपत जमतं.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठी एक गाव आहे. तिथल्या शाळेत मी हिंदी शिकवायचो. मी मूळचा कुडाळच्या वरच्या अंगाचा, डोंगराकडचा. समुद्र जवळून पाहिला तो नोकरीला आलो तेव्हाच. हिंदीच्या परीक्षा घरी अभ्यास करून दिलेल्या. पुस्तकातली हिंदी पक्की, पण हिंदी बोलणारा माणूस समोर उभा राहिला की मला घाम फुटायचा. गावात हे कुणाला माहीत नव्हतं. गावाच्या लेखी हिंदी म्हणजे मीच.

एका भाड्याच्या खोलीत एकटा राहायचो. शाळा सुटली की करायचं काय? कुणाच्या ओटीवर गेलो तर 'मास्तर, बसा' म्हणायचे, चहा द्यायचे, पण मी बसलो की बोलणं थांबायचं. तुम्ही कधी असे बसलायत? सगळे अदबीनं गप्प, आणि आपण केव्हा उठतो याची वाट बघणारे?

माझ्या खोलीवर आपणहून येणारा माणूस एकच. दाजीकाका. बावीस वर्षं आगबोटीच्या इंजिनखान्यात काढून तो गावी परतला होता. भट्टीच्या धगीनं डोळे अधू झालेले, म्हणून मुंबईच्या डॉक्टरनं दिलेला काळा चष्मा तो दिवसरात्र लावायचा. बायको गेली तेव्हा तो कुठल्या तरी दर्यात होता. एकुलती लेक वेंगुर्ल्याला दिलेली. त्याचं घर गावाच्या अगदी शेवटाला, उतरण संपते तिथं, खाडीला टेकून. तीन पिढ्या त्या घराला गावात 'खालचं घर' म्हणत. मी त्याचा धाकटा भाऊ शोभावा इतका लहान, पण तो मला 'तुमी'च म्हणायचा.

सकाळी तो रापणीवर जायचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं — दोन दोर, आणि दोराला अर्धा गाव. तिथली रीत अशी, की दोराला हात लावील त्याच्या टोपलीत थोडी मासळी पडणार. तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही. मी एकदा म्हणालो, काका, तुम्हाला एवढी दगदग कशाला? तो म्हणाला, "मी म्हावऱ्यासाठी जाणंय नाय, मास्तर. दोराक हात लावलो काय फुडे-मागे माणसा आसतत. बावीस वर्सा माझ्या फुडे-मागे नुसता लोखंड होता."

हे वाक्य मला तेव्हाही कळलं होतं. ते लक्षात ठेवा. मला कळलं नव्हतं, असं मी पुढे म्हणणार नाही.

त्या हिवाळ्यात भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात तंबूचा सिनेमा आला. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं रीळ चढेपर्यंत लोक ओरडायचे. तंबूच्या मालकानं मला गाठलं. म्हणाला, सिनेमा हिंदी, तोही गुंतागुंतीचा. तुम्ही मधल्या वेळात पत्र्याच्या भोंग्यातून गोष्ट सांगा. मला पुढे खुर्ची मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा चारशे माणसांच्या पुढे खुर्ची.

सिनेमाचं नाव सांगत नाही. त्याचा काही दोष नव्हता. कटकारस्थानाचा सिनेमा. काय त्याचा थाट! लांबलचक मोटारी, पांढरा टेलिफोन, पुस्तकांचं कपाट सरकलं की मागे जिना. टोळीचा म्होरक्या — त्याला सगळे 'शेट' म्हणत — पांढऱ्या सुटात, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात वीतभर नळी आणि नळीच्या टोकाला सिगारेट. सगळा कट तो आवाज न चढवता करायचा. कोण कुणाला फितूर, कागद कसले, जहाजातून काय चाललंय — यातलं मला निम्मंही कळलं नाही. हीसुद्धा एक कबुलीच. पण लोकांना तरी कुठे कळत होतं? त्यांना तो सिनेमा भयंकर आवडला. नाखवे मंडळी जहाज बघून खो खो हसली: "ह्या तारू परातीत सोडलला आसा!" एक म्हातारी रोज विचारायची, त्या शेटीच्या बिडीक काठी कित्याक लावल्यानी? शिंप्याकडे दोघांनी तसल्या कॉलरचा कोट शिवायला टाकला, कोकणच्या उकाड्यात! न कळण्यातच मजा होती. तीन दिवसांसाठी आलेला सिनेमा आठ दिवस चालला, आणि लोक पुन्हा पुन्हा आले.

आता ते.

एक टॅक्सीवाला असतो. त्याला गोळी लागलेली. तो टेलिफोनवर पोलिसांना टोळीचा पत्ता सांगतोय — "खाली मकान... खाली मकान में..." — आणि रिसिव्हर हातातून सुटतो. बरोबर तिथंच रीळ संपलं. दिवे लागले. तंबू उठून उभा राहिला. "खंय? मास्तर, खंय म्हणालो तो?"

मी भोंगा तोंडाला लावला आणि म्हणालो, "खालच्या घरात!"

हिंदीत खाली म्हणजे रिकामं. पाचवीतल्या मुलालाही मी हेच शिकवत होतो. पण चारशे माणसं ओरडत होती, बाहेर विजेचं इंजिन धडधडत होतं, आणि जिभेवर आपली भाषा आली. चूक झाली. इथवर चूकच.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मागच्या रांगेत काळा चष्मा लावून दाजीकाका बसला होता. खालच्या घरातला. तंबू हसला — मी तसं हसणं पुन्हा ऐकलं नाही. माणसं एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होती. दाजीकाकाही हसला. आणि मग ते सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपल्या माणसाकडे बघतात तसे.

पुढच्या रिळात ते मकान दिसलं. डोंगरावर, जाळ्याजळमटांनी भरलेलं, ओसाड. कुणीतरी विचारलंच: "मास्तर, डोंगरार आसा ता खालचा घर कसा?" तेव्हा सांगता आलं असतं ना? दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, "हे शत्रूला फसवायला दाखवलेलं घर. खरं घर खालीच आहे." लोकांनी 'अरे बापरे' म्हणून माना डोलावल्या. त्यांना सिनेमा आणखीच गहन वाटला.

दुसऱ्या दिवसापासून मी ते मुद्दाम करायला लागलो. रीळ संपलं की भोंग्यातून विचारायचं, "टोळी खंय आसा?" आणि अख्खा तंबू ओरडायचा, "खालच्या घरात!" मला ओट्यांवर बोलावणी यायला लागली. मी बसलो तरी बोलणं थांबेना. मास्तर, आज कशी जिरवलात! मला वाटलं, झालो मी या गावचा.

दाजीकाकाला लोक 'शेट' म्हणायला लागले. आधी हसून. मग — हसणं कधी गळून पडतं, ते कळतं का कुणाला? त्याला बंदरांतून जुन्या सोबत्यांची पत्रं यायची, परदेशी तिकिटांची. ती आधी सगळ्यांनी कौतुकानं पाहिलेली. आता कुणी म्हणालं, एवढी पत्रं कशाला? तेव्हा गोव्याकडून चोरून माल येतो असं रोज कानावर यायचं. कुणी म्हणालं, तिन्हीसांजेला तो खाडीच्या तोंडाशी उभा असतो. तो तर वर्षभर उभा राहत होता! बायकांनी त्याच्या दारावरून जाणारी वाट सोडून वरची धरली.

आणि रापण. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः पाहिलं. दाजीकाकानं दोर धरला तशी पुढच्यानं चार पावलं पुढे सरकून धरला, मागच्यानं मागे. त्याला कुणी हाकललं नाही — तशी रीतच नाही. तो तेवढ्या दोरावर एकटा ओढत होता. कुणीतरी म्हणालं, "शेट, तुमका कित्याक व्हये आमचे बांगडे?" पूर्वी त्याच्या टोपलीत मासळी घालायचे, त्या दिवशी त्याच्या पुढ्यात वाळूवर ठेवली. त्यानं ती वेचून, वाळू झटकून टोपलीत घातली. मी माडाखाली उभा होतो. तिथून तसाच परतलो.

त्याच संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. नेहमीसारखा बसला नाही, उंबऱ्याशीच उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, माका राग नाय. चूक कोणाचीय होता. पण उद्या शेवटचो खेळ. एकदाच तेंका सांगा — खाली म्हंजे रिकामा. माझा घर रिकामा खंय आसा? मी आसंय मा थंय."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुंबईत, बंदरांत आयुष्य गेलेला माणूस. त्याची हिंदी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. इतके दिवस त्यानं मला चारचौघांत खोटं पाडलं नव्हतं. मी म्हणालो, "सांगतंय, काका. उद्या नक्की." त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला, आणि गेला.

शेवटच्या खेळाला तंबू फुटायला आला होता. पहिल्या रांगेत हेडमास्तर, माझ्या विद्यार्थ्यांचे वडील. टॅक्सीवाला मेला, दिवे लागले. मी भोंगा उचलला. खरंच सांगणार होतो का? होतो — वाक्यही जुळवून आणलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आतच लोक ओरडले, "खंय, मास्तर, खंय?" हसत होते, माझ्यासाठी थांबले होते. हिंदीच्या मास्तरानं 'खाली'चा अर्थ चुकवला, हे हेडमास्तरांच्या तोंडावर सांगायचं? आणि उद्यापासून पुन्हा त्या गप्प ओट्या? मी मागच्या रांगेकडे पाहिलं. दाजीकाका नव्हता. मला हायसं वाटलं. हो, हायसं. मी म्हणालो, "खालच्या घरात!"

तंबू गेला. दाजीकाका माझ्याकडे यायचा थांबला. दोरावरची माणसं तशीच सरकत राहिली, तेव्हा काही दिवसांनी त्यानं रापणीवर जाणंही सोडलं. शिमगा झाल्यावर एक दिवस तो शाळेच्या व्हरांड्यात आला. हातात पत्र्याची ट्रंक. लेकीकडे, वेंगुर्ल्याला कायमचा निघाला होता, बसला वेळ होता. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग चष्मा काढला. त्याचे उघडे डोळे मी तेव्हा प्रथमच पाहिले — लाल, पाणावलेले.

"शेवटच्या खेळाक मी तंबवाच्या भायर उभो होतंय," तो म्हणाला. "भितर येवची लाज वाटली. इंजिनाच्या आवाजात कायएक ऐकाक येवक नाय. तुमी सांगलात मा तेंका?"

त्याच्याशी मी नेहमी मालवणीत बोलायचो. त्या दिवशी तोंडातून शाळेतली मराठी आली. म्हणालो, "हो, सांगितलं ना. नीट समजावून सांगितलं."

कबुली ती ही. त्या 'हो'ची. चूक, थट्टा, मोडलेला शब्द — त्या सगळ्यावर कदाचित काळाची माती पडली असती.

त्यानं चष्मा पुन्हा लावला. मग मान हलवली. "म्हंजे तेंका कळलला," तो म्हणाला. "कळान सुद्धा ते दोरार माझ्या फुडे-मागे रवले नाय. मगे ता सिनेमाचा नाय, मास्तर. माझ्यातच कायतरी आसतला."

एवढं बोलून त्यानं ट्रंक उचलली. नाही काका, मी सांगितलं नाही, त्यांना ठाऊकच नाही — हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. बस येईपर्यंत तो फाट्यावर उभा होता. व्हरांड्यातून फाटा दिसतो. मी वर्गात जाऊन हजेरी घेतली.

त्यानंतर तो दोन वर्षं जगला. लेकीचा पत्ता माझ्याकडे होता. वेंगुर्लं एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. मी गेलो नाही.