साडूच्या आगरातलं मीठ

माझ्या साडूइतकी मिठाची घमेंड असलेला माणूस ह्या खाडीकाठी झाला नाही, आणि त्याच्यावर माझ्याइतकं जळलेलं पण कोणी नाही. माझ्या बायकोने आणि मी मिळून शेवटचं साधंसुधं काम केलं ते खारातल्या कैऱ्या घालायचं. चैत्र होता. मी ओटीवर कैऱ्या पुसून देत होतो, ती बरणीत भरत होती. मीठ घालायची वेळ आली तशी माझ्या आगरातल्या मिठाची टोपली ओलांडून ती आत गेली आणि साडूच्या मिठाची टोपली घेऊन आली. मी म्हटलं, आपल्या मिठात काय विष आहे? "कैरीला भावजींचंच मीठ लागतं," ती म्हणाली. हे ती दर साली म्हणायची. मग मी दर साली त्या दिवशी जेवायला उशीर करायचो. आमच्यात राग एवढाच चालायचा. त्या साली कैऱ्या मुरायच्या आत ती तापाने गेली.

आज जुईनगर स्टेशनच्या अंगाला सोसायट्या आहेत, तिथे त्या काळी आमची मिठागरं होती. माझं आणि साडूचं आगर शेजारी, मधे उधाणाचं पाणी आत घ्यायची चरी. तिच्या ह्या काठाला माझा बांध, त्या काठाला त्याचा. दोघी बहिणी आम्हा दोघांना दिलेल्या, थोरली त्याला, धाकटी मला. पाणी एकाच खाडीचं, ऊन एकच, तरी त्याचं मीठ हरभऱ्याएवढं टपोरं आणि माझं बारीक. ह्याला काय म्हणायचं? तो म्हणायचा, हात लागतो. मला त्याचा हात मुरगळावासा वाटायचा.

मीठ तो चाखून बघायचा नाही, ऐकायचा. मूठभर घेऊन कानाशी खुळखुळवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा, जसं काही त्याला कोणी निरोप सांगतंय. बांधावर चपलेला बंदी. एकदा मुंबईचा एक शेट बूट घालून आला. साडूने त्याला बूट काढायला लावले. बांध तव्यासारखा तापलेला. शेट नाचत राशीपर्यंत गेला आणि नाचतच परत आला, पण मीठ त्याचंच घेतलं. मी माझ्या बांधावरून ओरडून सांगत होतो, शेट, इकडे बूट चालतात. त्याने वळून पाहिलं नाही.

लग्नाकार्याला जाताना धोतराच्या सोग्यात मिठाची पुडी. माझ्या पुतण्याच्या लग्नात वरणात बोट घातलं, तोंड वाकडं केलं आणि पुडी सोडून पंगतभर वाढत निघाला. आचारी पळी घेऊन मागे धावला. लोक म्हणाले, आता चव आली. माझी बायको पण म्हणाली. मी पानावर हात आडवा धरला आणि अळणी जेवलो.

पण त्याचं खरं खूळ वेगळंच. आगरात कोणी भांडलं की रडलं तर मीठ बारीक पडतं, असं त्याने मनात घेतलेलं. म्हणून त्याच्या बांधावर सगळे देवळात असल्यासारखे हळू बोलायचे. आणि त्याला स्वतःला भांडायचं असलं, बायकोशी असो नाहीतर मजुराशी, की त्या माणसाला घेऊन तो चरी ओलांडून माझ्या बांधावर यायचा. तिथे पोटभर भांडायचा, तोंड धुवायचा आणि परत जायचा. मी विचारलं, माझ्या मिठाचं काय? तर म्हणाला, "तुजं तसं पन बारीकच हाय."

माझ्या बायकोचे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी साडू एकटाच आला. घरात बाई नाही, मीच पेज वाढली आणि बरणी उघडली. पहिली कैरी त्याच्या ताटात टाकली. "घे," म्हटलं, "तुजंच मीठ. मरेपर्यंत तिला माजं गोड लागलं नाय."

त्याने कैरी तोंडाशी नेली आणि खाली ठेवली.

"साडू, माज्या घरात मीठ संपलंय," तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. त्याच्या दारात डोंगराएवढी रास.

"ती रास माजी हाय. थोरली तिला हात लावत नाय. लग्न झाल्यापासून माज्या चुलीवर तुजं मीठ हाय. धाकली बाय दर साली तुजी टोपली आनून द्यायची नि तिकडची घेऊन जायची. दोगी बहिनींचं तसंच ठरलेलं, आयशीनं सांगितलेलं. हिच्या घरचं तिनं खायाचं, तिच्या घरचं हिनं. ह्या साली टोपली आली नाय. थोरली अळनी रांधते. मी म्हनलं, आपलं घाल. तर नुसती बघते माज्याकडं."

माझी टोपली कमी झालेली दिसायची, मी समजायचो ती शेजारीपाजारी वाटते.

"येवडी वर्सं तुज्या मिठाची तारीफ ऐकली मी," तो म्हणाला. "कालवनाला म्हनं बारीकच मीठ लागतं. तुज्या बांधावर भांडाया यायचो ते उगाच नाय, तुजं बारीकच पडावं म्हनून."

मग आम्ही दोघांनी ती कैरी अर्धी अर्धी खाल्ली. चांगली मुरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी माझ्या राशीतलं मीठ टोपलीत भरलं, वर बायकोचं फडकं झाकलं आणि त्याच्या बांधाशी चपला काढल्या. साडू कोंडीत साचलेलं मीठ फळीने ओढत होता. त्याने वर बघितलं आणि टोपली दिसताच परत खाली बघितलं. थोरली दारात होती. टोपली घेताना तिने ते फडकं ओळखलं. मूठभर मीठ घेतलं आणि चुलीवरच्या कालवणात टाकलं. परत येताना त्याच्या बांधावर मला भरून आलं. तिथे रडायची सोय नाही. मी भराभर चरी ओलांडली आणि माझ्या बांधावर येऊन बसलो.