महिनाभराच्या विम्यावरचं नाव

साठ सालानंतरच्या एका वैशाखात बहिणीचं लग्न ठरलं आणि मुकुटबनच्या मामांनी आपली जुनी मोटार महिनाभरासाठी आमच्याकडे पाठवली. तिचा विमा संपलेला होता. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला परवाना मिळून तेरा दिवस झाले होते.

विम्यासाठी आम्ही एसटीने यवतमाळला गेलो. बाबा, मी आणि मला गाडी शिकवणारे काका. काका नात्याचे नव्हते. ते दारव्ह्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ट्रक चालवत आणि आमच्या गावाला लागून असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यात राहत. एजंटाचं दुकान शिलाई मशीनचं होतं. विमा हा जोडधंदा. त्याने माझा परवाना उलटसुलट करून पाहिला.

"मोटार कोण चालवणार?"

"हाच," बाबा म्हणाले.

"याले त अजून दाढी नाही फुटली. नव्या परवान्यावर कंपनी महिन्याचा विमा देत नाही, मालक. वर्षाचा घ्या. त्याचाही दर चढा."

बाबांनी दर ऐकला आणि टोपी काढून पुन्हा घातली. एजंट म्हणाला, "जुन्या ड्रायव्हरचं नाव असन त महिन्याचा कागद आत्ता देतो, स्वस्तात. पण मग चालवायची त्यानंच."

बाबांनी काकांकडे पाहिलं.

"माह्यं लिवा," काका म्हणाले. "महिन्याचीच त गोष्ट हाय."

त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवसापासून मोटार मीच चालवत होतो.

लग्नाला आठ दिवस राहिले होते. दारव्ह्याच्या बाजारातून पत्रावळींचे गठ्ठे घेऊन मी एकटा परत येत होतो. तांड्याच्या वळणावर पुढे बैलगाडी लागली. बैलांच्या मागून भोंगा वाजवायचा नाही, थांबून गाडीवानाला हाक द्यायची, असं काकांनी शिकवलं होतं. मी भोंगा वाजवला. बैल बुजून नाल्यात उतरले, गाडी उलटली आणि गाडीवानाचा हात कोपरात मोडला. तो तांड्यातलाच होता. माणसं धावत आली. मोटारीतून मी उतरलो हे सगळ्यांनी पाहिलं. काका त्या वेळी जिनिंगमध्ये होते.

बाबा संध्याकाळी काकांना भेटले. भरपाईसाठी कंपनीला पाठवलेल्या अर्जात चालक म्हणून काकांचं नाव गेलं.

तांड्यातला कज्जा सहसा पोलिसांत जात नसे. तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्याच्या अंगणात सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, आणि सांगितलं ते खरं धरायचं, अशी रीत होती. लिहून कोणी घेत नसे. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, किंवा जनावराचा वाद असला की नायक आधी काकांचा शब्द विचारत.

लग्नानंतर कंपनीचा तपासनीस आला. गाडीवानाला तिथेच भेटायचं म्हणून त्याने नायकाच्या अंगणातच कागद मांडले. तांडा जमला. मी बाबांशेजारी बाजेवर बसलो होतो.

"मोटार कोण चालवत होतं?" तपासनिसाने विचारलं.

गाडीवान गळ्यात हात बांधून खाली बघत होता. मी खरं सांगितलं असतं तर कंपनीने भरपाई नाकारली असती आणि ती बाबांवर आली असती. बाबांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. तो जड नव्हता. उठता आलं असतं.

काका उभे राहिले. "मी," ते म्हणाले. "मीच चालवून राह्यलो होतो, साहेब."

नायकाने गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत, त्यांना विचारलं, खरंच तू? तेवढं मला कळलं. काका कागदाकडे वळले. तपासनिसाने सही घेतली.

पावसाळ्यात गाडीवानाला पैसे मिळाले. त्याच सुमारास तांड्यात धुऱ्याचा एक वाद झाला आणि नायकाने दुसऱ्याच माणसाला विचारलं, असं मी ऐकलं. मी काकांकडे गेलो. ते दारात दोर वळत बसले होते.

"काका, मी नायकांना खरं सांगतो."

"त्यायले मालूम नाही का, बापू? अख्ख्या तांड्यानं तुले पाह्यलं."

"मग तुम्हाला काहून विचारत नाहीत?"

"म्हणूनच नाही विचारत." दोराला पीळ देत ते म्हणाले, "अन् तू आता बोलला, अन् ते साहेबाच्या कानावर गेलं, त त्या गरिबाचा पैसा वापस मांगतीन. त्याचा हात अजून सरका नाही झाला. कायले उकरतं?"

मी लगेच "बरं" म्हणालो. त्यांचं कारण खरं होतं. पण मी ते गाडीवानासाठी मान्य केलं नाही. त्या अंगणात सगळ्यांसमोर उभं राहावं लागणार नव्हतं, म्हणून केलं. मला हलकं वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. काकांनी ते पाहिलं. मग दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून त्यांनी विचारलं, बहीण सुखात आहे ना?